झोरा नील हर्स्टनला विसरलं कोणी?

अनवट (धागाकर्ती)

झोरा नील हर्स्टनची गोष्ट सहसा अशी सांगतात: न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत १९२० च्या दशकात साहित्य-कलांचा बहर आला, त्या काळात गाजलेली काळी अमेरिकन लेखिका, पुढे मागे पडली, १९५० च्या सुमारास मायामीत लोकांच्या घरी घरकाम करताना दिसली, २८ जानेवारी १९६० रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथे निराधारांच्या सरकारी निवासात वारली. वर्गणी काढून अंत्यविधी झाला. कबरीवर नाव नव्हतं. १९७३ साली काळी लेखिका अ‍ॅलिस वॉकर तिथे गेली, स्वतःला झोराची भाची म्हणवून घेत चौकशी केली, कमरेएवढ्या गवतात कबरीची जागा शोधली आणि तिथे दगड बसवला.

यातलं सगळं खरं आहे. तरी ही गोष्ट मला अपुरी वाटते. पुस्तक आपोआप नाहीसं होत नाही. कोणीतरी ते पुन्हा छापायचं थांबवतं, कोणीतरी शिकवायचं टाळतं, आणि त्याच्याही आधी कोणीतरी ‘यात काही नाही’ असं छापून सांगतं.

झोराच्या बाबतीत हे सांगणारा माणूस माहीत आहे, तारीखही माहीत आहे. ५ ऑक्टोबर १९३७, ‘न्यू मासेस’ हे डावं साप्ताहिक, परीक्षणकर्ता काळा लेखक रिचर्ड राइट. कादंबरी ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’. राइटचा निकाल असा की या कादंबरीत ना विषय आहे, ना संदेश, ना विचार. गोऱ्या प्रेक्षकांना हसवण्यासाठी तोंडाला काळं फासून नाचणाऱ्यांची जी परंपरा होती, तीच ही बाई आपखुषीने पुढे चालवते आहे. तीनेक महिन्यांनी ‘ऑपर्च्युनिटी’ या काळ्यांच्या मासिकात अ‍ॅलन लॉकने लिहिलं. हार्लेमच्या सगळ्या नव्या लेखकांचा हा वडीलधारा. सूर मवाळ, पण मागणी तीच: लोककथा पुष्कळ झाल्या, आता सामाजिक दस्तऐवज म्हणावा असं काही कधी लिहिणार? झोराने याला रागाने उत्तर लिहिलं होतं. ते छापलं गेलं नाही.

आता कादंबरी पाहा. जेनी नावाच्या बाईची तीन लग्नं, एवढंच कथानक. पहिलं आजीने लावून दिलेलं, साठ एकर जमीन असलेल्या लोगनशी. आजी गुलामगिरीत जन्मलेली. ती नातीला सांगते की गोरा माणूस ओझं टाकतो आणि काळ्याला उचलायला लावतो, काळा माणूस ते उचलतो पण वाहत नाही, आपल्या बाईच्या पाठीवर देतो. काळी बाई ही जगाचं खेचर आहे. दुसऱ्या नवऱ्याचं नाव जो स्टार्क्स. तो काळ्यांच्याच गावाचा महापौर होतो, दुकान काढतो. गावकरी जेनीला चार शब्द बोलायला सांगतात, तेव्हा हा परस्पर सांगून टाकतो की माझ्या बायकोला भाषणबिषण येत नाही. दुकानाच्या ओट्यावर गाव जमतं, थापा मारतं, म्हाताऱ्या खेचरावर तासन्‌तास चेष्टा चालते. त्या बोलण्यात जेनीला भाग घ्यायला बंदी. हा ओटाच राइटला गोऱ्यांच्या करमणुकीसाठी मांडलेला तमाशा वाटला. मला तिथे एक बाई सतत गप्प बसवली जाताना दिसते, आणि तिला गप्प बसवणारा नवरा काळा आहे. या संघर्षाला ‘विषय’ म्हणायला राइट तयार नव्हता.

आणि गोऱ्यांचा जुलूम कादंबरीत नाही, हेही खरं नाही. शेवटाकडे ओकीचोबी सरोवराचं वादळ येतं. हे खरं वादळ, सप्टेंबर १९२८ चं. अडीच हजारांच्या वर माणसं गेली, त्यांत बहुसंख्य काळे शेतमजूर. वेस्ट पाम बीचमध्ये ६९ गोऱ्यांना स्मशानभूमीत पेटीतून पुरलं आणि ६७४ काळ्यांना एका खड्ड्यात. कादंबरीत जेनीच्या तिसऱ्या नवऱ्याला, टी केकला, बंदुकीच्या धाकाने प्रेतं पुरायला नेतात. हुकूम असा की पेट्या कमी आहेत, तेव्हा प्रेत गोऱ्याचं की काळ्याचं हे नीट तपासा. काळ्यांवर नुसती चुन्याची भुकटी. किती दिवस पाण्यात राहिलेली ती प्रेतं! केस बघून ठरवायचं. हे दोन-तीन पानांत येतं, आवाज न चढवता येतं. या पानांवर पोचल्यावरही ‘विचार नाही’ असं लिहिता येतं, याचा मला आजही संताप येतो.

माझं म्हणणं एवढंच: काळ्या लेखकाने काय लिहावं, हे समीक्षेने आधी ठरवलं होतं. झोराने ते लिहिलं नाही. म्हणून ती गेली. आणि परत आली तीही समीक्षेमुळेच, फक्त ती समीक्षा आता काळ्या बायका लिहीत होत्या. वॉकरचा लेख मार्च १९७५ मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकात आला. त्याच वर्षाअखेरीस भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात ही कादंबरी पुन्हा छापा म्हणून सह्यांचं पत्रक फिरलं. १९७७ मध्ये रॉबर्ट हेमेनवेचं चरित्र आलं, १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने कादंबरी काढली. तोवर तिची एखादी प्रत हाती लागली की शिक्षिका ती झेरॉक्स करून वर्गात वाटत. झोराला हयातीत एका पुस्तकावर मिळालेलं सर्वांत जास्त मानधन होतं ९४३ डॉलर ७५ सेंट.

ज्यांनी राइट जास्त वाचला आहे त्यांनी जरूर लिहा.

---

कोरडवाहू

लेख आवडला, पण राइटला असा एका परीक्षणात उभा करून सोडू नका. तो कुठून आला होता ते बघा. मिसिसिपीत नॅचेझजवळ जन्म, १९०८. तो आठ वर्षांचा असताना आर्कान्सात त्याच्या मावशीच्या नवऱ्याला गोऱ्यांनी मारलं. कारण त्याचा दारूचा धंदा चांगला चालत होता आणि तो त्यांना हवा होता. कुटुंब रातोरात पळालं, अंत्यविधीसुद्धा झाला नाही. मेम्फिसमध्ये काळ्यांना ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे. याने एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड घेतलं आणि ‘या काळ्या पोराकडे अमुक पुस्तकं द्यावीत’ अशी चिठ्ठी त्या गोऱ्याच्या नावाने स्वतःच लिहून नेली. स्वतःसाठी पुस्तक मिळावं म्हणून स्वतःलाच शिवीवजा नावाने संबोधणारी चिठ्ठी लिहावी लागलेला हा वाचक आहे.

झोरा वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. १८८७ साली काळ्यांनी स्वतः वसवून रीतसर नगरपालिका केलेलं गाव. महापौर काळा, पोलीस काळा. तिचे वडीलही तिथे महापौर होते. तिला ओट्यावरच्या गप्पांत मोकळेपण दिसतं, कारण तिच्या गावात तो ओटा खरोखर मोकळा होता. राइटच्या गावात काळा माणूस गोऱ्यासमोर हसत असे तो जीव वाचवायला. एकच हसू दोघांना वेगळं दिसलं, यात मला कट दिसत नाही.

शिवाय झोरानेही फेड केली. राइटच्या पहिल्या कथासंग्रहाचं परीक्षण तिने एप्रिल १९३८ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त लिहिलं. हे द्वेषाचं पुस्तक आहे, यात समजूत आणि सहानुभूती यांचा स्पर्श नाही, असा रोख होता. त्याने लिहिलेली बोली तिला कानाने बहिऱ्या माणसाची वाटली. दोघांनीही एकमेकांना वाचताना दार बंदच ठेवलं होतं.

आणि बाजाराने राइटलाही सोडलं नाही. १९४० ची त्याची कादंबरी ‘नेटिव्ह सन’ सभासदांना दरमहा निवडक पुस्तक पाठवणाऱ्या बुक क्लबने उचलली आणि तीन आठवड्यांत २,१५,००० प्रती गेल्या हे सगळे सांगतात. क्लबच्या आग्रहाने तिच्यातले काही प्रसंग बदलले गेले, हे कमी सांगितलं जातं. १९४५ च्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनाचा तर उत्तरेतल्या आयुष्याचा अख्खा दुसरा भागच क्लबने नको म्हटला. म्हणजे दक्षिणेतून सुटून शिकागोला निघालेला मुलगा, इथे पुस्तक संपतं. उत्तरेत पोचल्यावर काय झालं ते वाचकाला पुस्तकरूपात १९७७ पर्यंत मिळालं नाही, तेव्हा राइटला जाऊन सतरा वर्षं झाली होती. निषेध लिहिणाऱ्यालाही निषेध किती लिहायचा ते मोजून दिलेलं होतं.

---

अनवट

कोरडवाहू, दुसऱ्या भागाचा हा तपशील फार महत्त्वाचा आहे. तो आत्मकथनाचा कापलेला भाग वाचला तर कम्युनिस्ट पक्षाशी राइटचं बिनसलं ते कसं, हेही त्यातच आहे.

एका ठिकाणी मात्र मी अडते. झोराच्या परीक्षणाने राइटचं एकही पुस्तक छपाईतून गेलं नाही. त्याच्या परीक्षणामागे पक्ष होता, नियतकालिक होतं, आणि पुढची वीस वर्षं ‘काळ्यांचं साहित्य म्हणजे काय’ याची व्याख्या त्याच्याच कादंबरीवरून होत राहिली. दोघांचे शब्द सारखे कडवट असतील, वजन सारखं नव्हतं. ईटनव्हिलचा मुद्दा पूर्ण मान्य. पण मिसिसिपीचा अनुभव खरा आणि ईटनव्हिलचा करमणुकीचा, असं ठरलं, ते का ठरलं?

---

रेवा

गोऱ्यांसाठी लिहिण्याच्या आरोपात थोडं तथ्य कुठे असेल तर ते शार्लट ऑसगुड मेसनपाशी. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरची श्रीमंत वृद्धा, आश्रितांनी तिला ‘गॉडमदर’ म्हणायचं. डिसेंबर १९२७ मध्ये तिने झोराशी करार केला: महिन्याला २०० डॉलर, एक मोटार, एक चलच्चित्रांचा कॅमेरा. बदल्यात झोराने दक्षिणेत फिरून गाणी, गोष्टी, जादूटोण्याचे विधी गोळा करायचे, पण जमवलेलं सगळं मेसनच्या मालकीचं. तिच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. कवी लँग्स्टन ह्यूजही याच बाईच्या पैशावर लिहीत होता. तिला ‘आदिम’, ‘निर्मळ’ काळी माणसं हवी होती. या नात्यात माणूस वाकतोच, आणि झोराची तिला लिहिलेली पत्रं वाचताना अंगावर काटा येतो.

पण त्याच पैशावर केलेलं एक काम बघा. अलाबामातल्या मोबीलजवळच्या आफ्रिकाटाउनमध्ये कोसोला नावाचा म्हातारा राहत होता, अमेरिकन नाव कज्जो लुइस. १८६० साली, गुलामांची आयात बेकायदा होऊन बावन्न वर्षं झाल्यावर, ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून चोरून आणलेल्यांपैकी एक. झोरा त्याच्याकडे महिनोन्‌महिने जात राहिली. पीच नेले, कलिंगड नेलं, कधी त्याला बोलायचं नसेल तर नुसती बसून राहिली. त्याने सांगितलं ते तिने त्याच्याच उच्चारांत लिहून घेतलं. त्यात गाव कसं जाळलं हे आहे, आणि पकडून विकणारे शेजारच्या दाहोमी राज्याचे आफ्रिकी सैनिक होते हेही आहे. हे तिने लपवलं नाही. आपल्याच लोकांनी आपल्याला विकलं, हे लिहिणं तिला किती जड गेलं ते तिने आत्मचरित्रात सांगितलं आहे.

व्हायकिंग प्रकाशनाने १९३१ मध्ये पुस्तकात रस दाखवला, अट एक: बोली काढा, नीट इंग्रजीत लिहा. तिने नकार दिला. पैशाची एवढी चणचण असताना. हे पुस्तक, ‘बॅराकून’, छापलं गेलं २०१८ मध्ये. गोऱ्यांना खूश करायला लिहिणारी बाई ही अट मान्य करून मोकळी झाली असती.

---

नागसेनवन

धागा वाचतोय, एक अडचणीची गोष्ट मांडतो, कारण झोरावर प्रेम करणारे ती टाळतात. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. ऑगस्ट १९५५ मध्ये झोराने ‘ऑरलँडो सेंटिनल’ला पत्र लिहून त्या निकालाला विरोध केला. जो मला जवळ उभं करू इच्छित नाही, त्याच्याशेजारी कोर्टाच्या हुकमाने बसण्यात मला कसलं समाधान, असा युक्तिवाद. काळ्या शाळांतही चांगले शिक्षक आहेत, त्या सुधारा, असंही. दक्षिणेतल्या वर्णभेदवाद्यांनी ते पत्र आनंदाने वापरलं.

मी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात वाढलो. पाणवठा आणि शाळा यांचं दार कायद्याने उघडावं लागतं, हे आमच्या घरांत शिकवावं लागत नाही. शेजारी बसण्यात ‘समाधान’ आहे का हा प्रश्नच तिथे येत नाही. हक्क आहे की नाही एवढाच येतो. त्यामुळे ते पत्र मला लागतं. स्वाभिमानी गावात वाढल्याचा हा दुसरा परिणाम आहे असं मी समजतो: तिला गोऱ्यांच्या शेजाराची गरज वाटली नाही, पण ज्या मुलाच्या गावात दुसरी शाळाच पडकी होती, त्याचं काय?

आता आपल्याकडचा धागा. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी दलित लेखकांनी काळ्यांचं साहित्य आपलं मानलं. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी इथे त्याची चर्चा घडवली, जनार्दन वाघमारे यांनी मराठीत त्यावर सविस्तर लिहिलं, १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. माझ्या घरी वडिलांच्या कपाटात राइट होता, बाल्डविन होता, माल्कम एक्सचं आत्मचरित्र होतं. झोरा नव्हती. कशी असणार? आपण वाचायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकेतच तिचं पुस्तक सहज मिळत नव्हतं. म्हणजे १९३७ च्या त्या परीक्षणाचा परिणाम आमच्या कपाटापर्यंत आला. काळ्या बाईने काळ्या नवऱ्याबद्दल लिहिलेलं तेव्हा आमच्या हाती पडलं असतं, तर इथल्या चर्चेत बायकांचा प्रश्न लवकर आला असता का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. पुढे बेबी कांबळे, ऊर्मिला पवार, कुमुद पावडे यांनी जे लिहिलं ते त्यांनी कोणाच्या आधाराविना लिहिलं.

---

अनवट

नागसेनवन, त्या पत्राचं समर्थन मी करणार नाही. ते मलाही पटत नाही. वडिलांच्या कपाटाबद्दल लिहिलंत ते मी याआधी कुठे वाचलं नव्हतं. यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढावा अशी मनापासून विनंती.

---

सांजवारा

थोडक्यात भर. या भांडणाची पाळंमुळं १९२६ मध्ये आहेत. त्या वर्षी काळ्यांचे नेते आणि विचारवंत डु बॉइस म्हणाले की सगळी कला हा प्रचारच असतो आणि प्रचार नसलेल्या कलेची मला पर्वा नाही. त्याच वर्षी तरुण ह्यूजने ‘नेशन’ साप्ताहिकात लिहिलं की आम्ही आमचं काळेपण न भिता, न लाजता मांडणार, गोऱ्यांना आवडलं तर ठीक, नाही आवडलं तरी ठीक, आणि काळ्यांनाही तेच लागू. पुढे १९४९ मध्ये पॅरिसहून तरुण काळा लेखक बाल्डविनने राइटवरच निषेध-कादंबरीचा, म्हणजे नुसता निषेध नोंदवायला कादंबरी लिहिण्याचा, आरोप केला, ज्या राइटने त्याला पहिली शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. १९६३ मध्ये गोरा समीक्षक अर्व्हिंग हाउ राइटची बाजू घेऊन बाल्डविन आणि काळा कादंबरीकार राल्फ एलिसन यांना सुनावतो, तेव्हा एलिसन उत्तर देतो: नातेवाईक निवडता येत नाहीत, कलावंत म्हणून पूर्वज निवडता येतात. राइट माझा नातेवाईक, हेमिंग्वे माझा पूर्वज.

चाळीस वर्षांच्या या वादात बोलणारे सगळे पुरुष आहेत, एवढं नोंदवून थांबतो.

---

भिंतचित्र

चित्र-शिल्पाच्या बाजूने पाहिलं तर ‘पुन्हा न छापणं’ याहून कठोर शिक्षा आहे. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज. फ्लोरिडाचीच, झोराच्याच पिढीतली. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या उन्हाळी कलाशाळेसाठी तिची निवड झाली आणि काळी आहे म्हणून अमेरिकन समितीने ती रद्द केली. तिने वर्तमानपत्रांत जाहीर भांडण केलं. पुढे हार्लेममध्ये शिकवलं. जेकब लॉरेन्स तिथेच घडला, आणि सरकारी योजनेत त्याला चित्रकाराची नोकरी मिळावी म्हणून तिनेच धावपळ केली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने सोळा फुटी ‘हार्प’ केलं: गाणाऱ्या काळ्या मुलांची रांग हीच वीणेच्या तारा. प्लास्टरमध्ये होतं. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, हलवून ठेवायलाही नव्हते. प्रदर्शन संपल्यावर बाकी मांडवाबरोबर तेही पाडलं. उरल्या त्या स्मरणिका म्हणून विकलेल्या छोट्या प्रतिकृती.

आणि १९६९. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं, ‘हार्लेम ऑन माय माइंड’. प्रचंड मोठे केलेले फोटो, ध्वनिफिती, मजकूर. हार्लेममधल्या एकाही चित्रकाराचं चित्र नाही, एकाही शिल्पकाराचं शिल्प नाही. काळा चित्रकार बेनी अँड्र्यूज आणि सहकारी थंडीत दारावर फलक घेऊन उभे राहिले. मला हा अन्याय झोरापेक्षा वेगळा वाटत नाही. काळी माणसं पाहायला हवी होती, त्यांनी केलेली कला नको होती. राइटलाही कादंबरीतून पुरावा हवा होता. त्याची कारणं फार वेगळी, फार आदरणीय, तरी अपेक्षा तीच.

याच प्रदर्शनामुळे जेम्स व्हॅन डर झी हा जुना छायाचित्रकार ऐंशीच्या घरात असताना जगाला कळला, हेही सांगायला हवं. १९२० च्या दशकात हार्लेमच्या लोकांनी फरचे कोट घालून, गाडीला टेकून, लग्नाच्या झग्यात त्याच्याकडून फोटो काढून घेतले. त्या फोटोंत लोक स्वतःला हवे तसे दिसतात. झोराच्या ओट्याचं दृश्यरूप मला तिथे सापडतं.

---

कोरडवाहू

भिंतचित्र, ‘पुरावा हवा होता’ हे राइटबद्दल मान्य करायला मला जड जातं, पण १९३७ च्या परीक्षणापुरतं ते बरोबर आहे. ‘ब्लॅक बॉय’बद्दल मात्र नाही. त्यात भुकेवर जी पानं आहेत ती पुराव्यासाठी लिहिलेली नाहीत.

---

पहिलीपायरी

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. झोरा कुठून सुरू करू? बोलीतलं इंग्रजी मला झेपेल का?

---

रेवा

कादंबरीपासूनच करा, ‘बॅराकून’ नंतर. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, मनात नाही. ती बोली कानासाठी लिहिलेली आहे, डोळ्यांनी वाचलं की अक्षरं अडखळवतात. सहावं प्रकरण, ते खेचराचं, अवघड वाटलं तरी सोडू नका.

आणि एक सोय आहे जी त्या काळच्या फार थोड्या लेखकांची असते: तिचा आवाज. जून १९३९ मध्ये जॅक्सनव्हिलला सरकारी लेखक प्रकल्पासाठी तिने स्वतः गाणी म्हणून ध्वनिमुद्रित केली, ती अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. ‘हॅलिमफॅक’ नावाच्या गाण्यानंतर मुद्रण करणारा विचारतो, गाणी शिकतेस कशी? ती सांगते की मी गर्दीत जाऊन बसते, ऐकते, एखाद्या ओळीला सूर मिळवते, असं करत सगळं गाणं येईपर्यंत गाते. मग त्याच लोकांना म्हणून दाखवते, आणि आता अगदी आमच्यासारखं जमलं असं ते म्हणेपर्यंत म्हणत राहते. ते एक मुद्रण आधी ऐका आणि मग पहिलं पान उघडा.